जाळीतून काढलेला चित्ता

कुठलाही फोटो मी आधी कडेने बघते, मधला प्राणी नंतर. ही सवय कामातून लागली. सुरतेत एका डिजिटल प्रिंटच्या युनिटमध्ये मी डिझाइन तपासते. साडीवर, कुर्तीवर, दुपट्ट्यावर जे छापायचं ते आधी माझ्या पडद्यावर येतं. मला दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, डिझाइनचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडल्यावर सांधा दिसतो का. दोन, ते दुसऱ्या कुणाचं उचललेलं आहे का. आमच्या मार्केटात नवी साडी सकाळी काचेत लागली की संध्याकाळपर्यंत तिची जुळी बहीण समोरच्या दुकानात उभी असते. वेल तीच, फूल तेवढं उलटं. व्यापारी शपथेवर सांगतो, "बेन, एकदम नवुं छे." मी मान हलवते आणि कडा बघते. उचलणारा मधलं फूल बदलतो, कडेच्या वेलीपर्यंत येताना त्याला कंटाळा आलेला असतो.

धाकट्या भावाने त्याचा चित्त्याचा फोटो आमच्याकडे बॅनर छापायला पाठवला तेव्हाही मी तेच केलं. फोटो आधी पाहिलेला होता. सगळ्यांनीच पाहिला होता. ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलवर तो कधी ना कधी येऊन गेला होता. चित्ता एका ओंडक्यावर बसलेला, तोंड थेट कॅमेऱ्याकडे, डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा काजळ ओघळल्यासारख्या, मागे सोनेरी ऊन. खाली भावाने लिहिलं होतं, "आफ्रिकेच्या मोकळ्या रानात." मोबाइलवर फोटो बोटभर दिसतो. बॅनर करायचा म्हणजे तो दाराएवढा होणार, म्हणून मी तो पडद्यावर पूर्ण मोठा केला आणि कोपऱ्यांपासून सुरुवात केली.

मागचं ऊन झाडांतून गाळून आलं होतं. असं ऊन फोटोत धूसर गोल ठिपक्यांसारखं उमटतं. त्या प्रत्येक गोलात मला बारीक चौकडी दिसली. शर्टाच्या कापडावर असते तशी, तिरपी.

मी खुर्ची मागे घेतली. पाणी प्यायले. पुन्हा पाहिलं. चौकडी होतीच.

ही चौकडी मला ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला आणि रविवार रिकामे झाले, तेव्हा मी जुना कॅमेरा विकत घेतला आणि सरथाण्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊ लागले. तिथे चित्ता नाही. बिबट्या आहे, पाणमांजरं आहेत, सिंह आहे. जाळीतून फोटो काढायचा तर काय करायचं हे मी तिथे शिकले. लेन्स जाळीला अगदी टेकवायची. लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त उघडं ठेवायचं. प्राणी जाळीपासून लांब जाईपर्यंत थांबायचं. मग जाळी फोटोतून विरघळून जाते आणि बघणाऱ्याला वाटतं, हे जंगलच. फक्त मागे उजेडाचे ठिपके असतील तर जाळी त्यांच्यात उतरते. माझ्या बिबट्याच्या फोटोंत अशी चौकडी इतक्या वेळा आली होती की मी सावलीची बाजू बघूनच उभी राहू लागले होते.

एकदा संशय आला की मी थांबत नाही. चित्त्याच्या पुढच्या पायांची कोपरं पाहिली. तिथले केस झिजून कातडी राखाडी दिसत होती. प्राणी वर्षानुवर्षं सिमेंटवर बसला की असं होतं, आमच्या बिबट्याचंही तसंच आहे. ओंडक्याखालचं गवत एका उंचीचं होतं. मोकळ्या रानात गवत कोण कापतं?

घरी आल्यावर ह्यांना दाखवलं. माझे यजमान रेल्वेत आहेत आणि कुठल्याही गोष्टीवर आधी हसतात.

"तू ना, देव्हाऱ्यातल्या देवालाही विचारशील, तुमचा मूळ फोटो कुठला."

"चौकडी दिसते की नाही?"

त्यांनी चष्मा लावला, काढला. "दिसते," म्हणाले. मग हसले नाहीत. "पण तू आता काय करणार आहेस?"

प्रश्न बरोबर होता. फोटो नुसता फोटो राहिला नव्हता. भाऊ हजीऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर देखभालीचं काम करायचा. कंत्राट संपलं, नवं मिळेना. मग एका गुजराती सहल कंपनीने त्याला मदतनीस म्हणून केनियाला नेलं. सामान मोजायचं, स्वयंपाकाच्या महाराजाला हात द्यायचा, म्हाताऱ्यांना गाडीत चढवायचं. परत आला तो हा फोटो घेऊन. आता त्याला स्वतःची सहल काढायची होती. सुरतेतल्या आपल्या लोकांसाठी, मराठी बोलणारा माणूस बरोबर, जेवणात भाकरी-पिठलं. लोकांचा विश्वास बसला होता तो या फोटोमुळे. रानात चित्त्याच्या इतक्या जवळ जाऊन आलेला माणूस आपल्याला नीट नेईल, असा हिशेब. आणि ज्यांचा पूर्ण विश्वास बसत नव्हता ते मला विचारत होते. मी खात्री केल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. "ताई, तुम्ही सांगा, जावं का?" माझ्या हो किंवा नाहीवर त्याची सहल उभी होती. पडली असती तर चाळिशी ओलांडलेला माणूस पुन्हा कारखान्यांच्या दारांत उभा राहिला असता.

रविवारी सरथाण्याला न जाता मी कोसाडला त्याच्या घरी गेले. आई त्याच्याकडेच असते. ती दारात शेंगा निवडत बसली होती. भाऊ आतून म्हणाला, "ताई, बस. चहा टाकतो."

"चहा नंतर. फोटो कुठे काढलास?"

"कुठला?"

"चित्त्याचा. दुसरा कुठला काढलायस तू?"

"आफ्रिकेत."

"आफ्रिका मोठी आहे."

तो हसला. "मग काय नकाशावर बोट ठेवून दाखवू?"

"मोकळ्या रानात होता तो?"

"मोकळंच होतं की. केवढी तरी जागा होती."

"केवढी तरी म्हणजे जिथे संपते तिथे काय होतं?"

मी मोबाइल काढून ठिपके मोठे करून दाखवले, मग कोपरं दाखवली. तो बघत राहिला. आधी ठिपक्यांकडे, मग माझ्याकडे. आईने शेंगांचं ताट खाली ठेवलं.

"तुना भाऊ शे तो," ती म्हणाली, "चोर नही."

"चोर कोण म्हणतंय, आई? मी फक्त विचारतेय."

"तू इचारस ना, तव्हय मानूस चोरच वाटस."

भावाला हसू आलं आणि त्या हसण्यातच तो मोडला. तिकडे शहराबाहेर एक जागा आहे, म्हणाला. आई गमावलेली पिल्लं, जखमी जनावरं तिथे आणून ठेवतात. मोठं कुंपण, आत झाडं. सहलीच्या शेवटच्या दुपारी सगळ्यांना तिथे नेलं होतं.

"आणि रानात? रानात दिसलाच नाही?"

"दिसला. एकदाच. मी तेव्हा मागच्या गाडीत थेपल्यांचे डबे वाटत होतो. सगळे ओरडले, चित्तो चित्तो. कॅमेरा काढेपर्यंत हे एवढं." त्याने मोबाइल पुढे केला. पिवळं गवत, डावीकडे दुसऱ्या गाडीचं टप, आणि मधोमध गवतावर एक कान. टोकाला फाटलेला. खाली अर्धा डोळा.

मी तो फोटो बराच वेळ पाहिला. कडेला गाडीचा आरसा आला होता, क्षितिज वाकडं होतं. बनवणारा माणूस असं वाकडं क्षितिज ठेवत नाही. तरी विचारलंच, "हा तरी तूच काढलास ना?"

"ताई!"

"ठीक आहे. हा लाव बॅनरवर."

"याला काय म्हणू? गवताचा फोटो? कोण येईल गवत बघायला? गवत चलथाणच्या रस्त्यालाही आहे."

"मग तो दुसरा लाव, पण खाली बंदिस्त जागेतला असं लिही. नाहीतर मी छापणार नाही."

त्याने चहा आणून ठेवला आणि माझ्या शेजारी न बसता आईजवळ जाऊन शेंगा सोलू लागला. मी निघताना त्याने सोसायटीच्या हॉलमधल्या सहलीच्या बैठकीची वेळ सांगितली. बॅनरचं पुढे काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं असावं. पण जिना उतरताना मनात आलं, पटलेला माणूस इतका गप्प नसतो.

बैठकीच्या दिवशी हॉलच्या दारातच उत्तर मिळालं. बॅनर लागला होता. दाराएवढा. ओंडका, काजळ, सोनेरी ऊन, खाली "मोकळ्या रानात". सुरतेत प्रिंट करणारं आमचं एकच युनिट नाही. मी बॅनरजवळ गेले आणि ठिपके पाहिले. छापणाऱ्याने रंग गडद केले होते, त्यामुळे चौकडी आणखी ठळक झाली होती. कुणाच्याही लक्षात येत नव्हती. लोक समोर उभे राहून त्या चित्त्याबरोबर स्वतःचे फोटो काढत होते.

मी मागच्या रांगेत बसले. शेजारी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी आयुष्यात विमान पाहिलं होतं ते खालून. त्या कानाशी आल्या. "तुमचं काय ठरलं? तुम्ही असाल तर मी येते. नाहीतर नाही."

समोर भाऊ बोलत होता. कुठे उतरायचं, किती थंडी असते, कोणती लस घ्यायची. बोलताना त्याची नजर माझ्याकडे येत होती आणि परत जात होती. मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. आज मी गप्प राहिले तर बाई माझ्या शब्दावर जाणार होत्या. बोलले तर भावाचं दुकान उघडण्याआधीच बंद.

शेवटी त्यानेच विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मी उभी राहिले. हॉलमधले दोन-तीन जण आधीच हसले. ताई उभी राहिली म्हणजे चौकशी सुरू.

"एकच," मी म्हटलं. "हा फोटो कुठे काढला, ते सगळ्यांना सांग."

पुढे काही जोडायचं नाही असं मी घरून ठरवून निघाले होते. त्याला वाट ठेवायची होती, आणि ती कुठली ते त्यानेच निवडायचं होतं. तो बॅनरकडे वळला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, आता तो आफ्रिका म्हणेल आणि मला पुढचं बोलावं लागेल.

"हा कुंपणातला आहे," तो बॅनरकडे बघतच म्हणाला. मग वळला. "जाळीतून काढलाय. खाली लिहिलंय ते खोटं आहे. रानातला माझ्याकडे एकच आहे, तो असा." त्याने मोबाइल वर धरला. लांबून कुणाला काय दिसणार? समोरच्यांनी हातात घेऊन पाहिला, पुढे दिला.

"हे काय, उंदीर?" कुणीतरी म्हणालं.

"कान आहे तो."

दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ, लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखानदार, मोठ्याने म्हणाले, "पिंजऱ्यातलाच बघायचा तर विमान कशाला, भाऊ? सरथाण्याला बस जाते!" हॉल हसला. भाऊही हसला, पण त्याचा गळा लाल झाला होता. एक कुटुंब उठून गेलं. मग आणखी एक. जाताना त्यांतली बाई मला म्हणाली, "बरं झालं तुम्ही विचारलं." हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

मग माझ्या शेजारच्या बाई उभ्या राहिल्या. शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "चित्त्याचं राहू द्या. दिवसभर गाडीत बसायचं तर लघवीची सोय काय?"

आणि भाऊ एकदम सुटला. कुठे थांबायचं, कुठे थांबता येत नाही, कुठल्या ठिकाणी पाणी असतं, कुठे नसतं, गाडीतून खाली का उतरू देत नाहीत, म्हाताऱ्यांना मधल्या रांगेत का बसवायचं. हे सगळं त्याने हातांनी केलेलं होतं. त्यात एकही सोनेरी शब्द नव्हता. बाई ऐकून खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "हे खरं वाटतंय."

सहल निघाली. ठरली होती त्याहून लहान. लूमवाले गृहस्थ आले, कारण आपण जाणार हे त्यांच्या पत्नीने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघं गेलो, बाई आल्या. मी का गेले याचं उत्तर ह्यांनी विमानातच सगळ्यांना देऊन टाकलं. "ही तपासणीला आलीय."

खोटं नव्हतं. केनियात मी चित्त्यापेक्षा भावावर जास्त नजर ठेवली. दिवस जात होते आणि चित्ता दिसत नव्हता. हत्ती दिसले, जिराफ दिसले, सिंह झोपलेले दिसले. लूमवाले रोज संध्याकाळी म्हणत, "चित्तो क्यां छे, भाई?" चौथ्या दिवशी जेवणानंतर मी भावाला ड्रायव्हरशी बाजूला बोलताना पाहिलं. दोघं हळू बोलत होते. ड्रायव्हर हाताने शहराची दिशा दाखवत होता. भाऊ मान हलवत होता, हो की नाही ते कळत नव्हतं. माझ्या मनात लगेच सगळं जुळलं. कुंपणाच्या जागी नेणार, ऐनवेळी नेणार, आणि रानाचीच एक बाजू म्हणून सांगणार. त्या रात्री मी त्याच्याशी तुटक बोलले. त्याला ते कळलं असणार. त्याने कारण विचारलं नाही.

सकाळी गाडी निघायच्या आधी त्याने सगळ्यांना गोळा केलं. "परतीच्या वाटेवर एक जागा आहे," तो म्हणाला. "तिथे चित्ता नक्की दिसेल. पण तो कुंपणातला. बॅनरवरचा. कुणाला जायचंय?"

बहुतेक सगळ्यांनी हात वर केले. लूमवाल्यांनी दोन्ही केले. मी पण केला. मला तो प्राणी बघायचाच होता.

त्याच सकाळी, शेवटच्या फेरीत, रानातला दिसला. वारुळाच्या ढिगावर एक मादी उभी होती, इतकी लांब की ह्यांनी ती दगड म्हणून सोडून दिली होती. हवा तापून थरथरत होती, त्यामुळे माझ्या लेन्समध्ये ती पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. तरी पोट आत गेलेलं कळत होतं, इतकी बारीक. मी बटण दाबेपर्यंत ती गवतात उतरली आणि दिसेनाशी झाली. मग पाखरासारखा बारीक, तुटक आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, ती पिल्लांना बोलावतेय. माझा विश्वास बसला नाही, एवढ्या जनावराचा असा आवाज? तेवढ्यात गवत तीन-चार ठिकाणी हललं, तिच्या मागोमाग, आणि थांबलं. आम्ही सगळे पुढे वाकलो होतो. आणखी जवळ घ्या, लूमवाले म्हणाले. भाऊ म्हणाला, "नको. उपाशी दिसते, तिला तिचं काम करू द्या." गाडी तिथेच उभी राहिली. पिल्लं आम्हाला दिसली नाहीत. माझ्या सगळ्या फोटोंत गवत आहे आणि एकात शेपटीचं टोक.

"एटलुंज?" लूमवाले म्हणाले.

"एवढंच," भाऊ म्हणाला.

दुपारी कुंपणापाशी त्यांना हवं ते मिळालं. एक म्हातारा नर सावलीत पसरला होता. त्याच्या कोपरांवर केस नव्हते. लेन्स जाळीला कशी टेकवायची ते मी बाईंना शिकवलं, मग इतरांना. भाऊ प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होता, "टाकलात तर कुंपणातला असं लिहा हं." बाईंनी लिहिलं. लूमवाल्यांनी परतीच्या विमानतळावर टाकलेल्या फोटोखाली लिहिलं होतं, "जंगलमां सामसामे." म्हणजे जंगलात समोरासमोर. भावाने ते वाचलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. मी वाचून परत दिला. तो त्यांचा फोटो होता.

आता दुसऱ्या सहलीची नावं येत आहेत आणि लोक पुन्हा मला थांबवतात. भाजीच्या गाडीशी, जिन्यात, युनिटच्या दारात. ताई, जावं का? मी सांगते, चित्ता दिसेलच असं नाही. दिसला नाही, तर माझा भाऊ तसंच सांगेल, कुंपणातला असेल तर कुंपणातला म्हणेल. तेवढं मी सांगू शकते. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा औषधांचा डबा मात्र तुम्ही स्वतः उघडून बघा. तो उलटीच्या गोळ्या विसरतो.